पप्पा भेटीला गेले तो दिवस

पप्पांना प्रार्थना आठवेनाशी झाली, तेव्हापासून माझ्या मनात भीती येऊन बसली. आधी ते माणसांची नावं विसरले, मग रस्ते, मग आई गेली आहे हेही विसरले. ते सगळं मी कसंबसं सोसलं. पण एका सकाळी जेवणाआधी त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि पुढे काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं डोळे उघडून माझ्याकडे पाहत राहिले, शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखे. मीच घाईघाईनं दोन वाक्यं म्हटली आणि त्यांच्या ताटात वरण वाढलं. ज्या माणसानं मला बोट धरून चर्चमध्ये नेलं, रोज पहाटे उठून आमच्यासाठी मागितलं, त्याच्याच मनातून देवाशी बोलण्याचे शब्द पुसले जात असतील, तर इतक्या वर्षांचा विश्वास जातो कुठे? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही नाही.

पप्पा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. ड्यूटी संपली की सायकलवरून ते आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आजाऱ्यांच्या भेटीला जायचे. त्यांना प्रवचन वगैरे करता येत नसे. ते माणसाजवळ बसायचे, थोडी प्रार्थना करायचे आणि निघायचे. मी एका प्राथमिक शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, त्यामुळे आई गेल्यापासून शरणपूर रोडवरच्या आमच्या घरात आम्ही दोघंच. मी शाळेत असताना शेजारच्या वंदनावहिनी त्यांच्याकडे बघतात. बाकीचा वेळ माझा. पण त्या वेळात मी प्रार्थना करत होते असं म्हणवत नाही. मी फक्त भिण्याची यादी देवापुढे वाचत होते. ते पडू नयेत, बाहेर जाऊ नयेत, त्यांनी गॅस सुरू करू नये, मला ओळखेनासे होऊ नयेत. आमेन म्हटल्यावरही भीती तशीच राहायची.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला शनिवार होता. शाळेतून येऊन मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. त्याआधीच सिलिंडरवाला येऊन गेला होता आणि दार नुसतं लोटलेलं राहिलं होतं. खाली आले तर पप्पांची खुर्ची रिकामी. न्हाणीघर पाहिलं, मागची गॅलरी पाहिली. त्यांच्या चपला नव्हत्या.

वंदनावहिनी कणीक मळत होत्या, तशाच हातानं बाहेर आल्या. "तू रडत बसू नको," त्या म्हणाल्या. "मी चौकीवर जाते, तू अशोकस्तंभाकडे बघ. पायी गेलेत, लांब नसतील गेले." मी पाळकसाहेबांना फोन केला आणि निघाले. रसवंतीवाला, चांभार, रिक्षा स्टँडवरची माणसं, दिसेल त्याला विचारत होते. पांढरा सदरा, हातात काही नाही, थोडं वाकून चालतात. लोक आपुलकीनं ऐकत होते आणि मान हलवत होते. शेवटी रविवार कारंजावर फुलं विकणारी एक बाई म्हणाली, "हा, एक बाबा गेले ना इकडून. गंगेकडं गेले."

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागल्याचे व्हिडिओ सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. आमच्याकडे पूर असाच मोजतात, मारुती किती बुडाला त्यावरून. त्या बाईचं बोलणं ऐकलं आणि मी नदीकडे निघाले. पुढे मी चालत गेले की पळत, आठवत नाही. होळकर पुलावर पोहोचले तेव्हा कठड्याशी बघ्यांची गर्दी होती. खाली गढूळ पाणी वेगानं चाललं होतं, त्यात एखादं लाकूड, एखादी चप्पल दिसायची. प्रत्येक चप्पल मला पप्पांची वाटत होती.

तिथे कठडा धरून मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. 'त्यांना परत दे' एवढंच येत होतं, तेच तेच, पुन्हा पुन्हा. मग तेही थांबलं. मनात काहीच उरलं नाही. आणि त्या रिकामेपणात मी म्हटलं, "प्रभू, ते माझे व्हायच्या आधीपासून तुझे आहेत. मला आता धरवत नाही. तू धर." मी हे मोठ्या श्रद्धेनं म्हटलं असं नाही. दमलेला माणूस हातातलं ओझं खाली ठेवतो, तसं म्हटलं.

त्याच क्षणी फोन वाजला असं मी सांगणार नाही. तसं झालं नाही. पलीकडे उतरून मी घाटाच्या बाजूनं बराच वेळ फिरले. एका पोलिसानं मला पाण्याच्या कडेपासून मागे हटवलं. भीती होतीच, फक्त ती आता माझ्या एकटीची वाटत नव्हती. मग पाळकसाहेबांचा फोन आला.

"ताई, पप्पा सापडले. सुखरूप आहेत. पंचवटीतच एका घरी बसलेत. पत्ता सांगतो, लिहून घ्यायची गरज नाही, काळाराम मंदिराच्या मागचीच गल्ली आहे."

घर जुन्या वळणाचं होतं. नदीवर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करणारं गुरुजींचं कुटुंब. दार उघडलं ते त्या घरच्या सूनबाईंनी, शुभांगीताईंनी. माझा अवतार पाहून त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "या आत. घाबरू नका. दोघंही निवांत आहेत."

दोघं म्हणजे कोण ते मला आत गेल्यावर कळलं. आतल्या खोलीत पलंगावर त्यांच्या सासूबाई होत्या. अर्धांगवायूनं वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, वाचा गेलेली. आणि त्यांच्या उशाशी स्टुलावर माझे पप्पा. म्हातारीचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता आणि डोळे मिटलेले होते.

शुभांगीताई सांगू लागल्या. "मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. बाबा आले आणि म्हणाले, आत येऊ का? मला वाटलं, सासूबाईंच्या माहेरचं कुणीतरी असेल. चपला काढल्या, हात धुवायला पाणी मागितलं आणि सरळ आत जाऊन बसले. सासूबाई सकाळपासून रडत होत्या, पेजेचा घोटसुद्धा घेत नव्हत्या."

"तुम्ही त्यांना अडवलं नाही?" मी विचारलं.

"अडवणार होते. पण बाबांनी हात धरला आणि त्या शांत झाल्या. मग कसं अडवू? बोलले फारसं नाहीत. मधूनच प्रभू येशू म्हणायचे आणि परत गप्प. म्हणून मी ह्यांना म्हटलं, गाडी काढा आणि चर्चमध्ये विचारून या, कुणाचे बाबा हरवलेत का. ताई, आमच्याकडे रोज माणसं येतात, पण सगळी पुढच्या खोलीत. सासूबाईंपाशी येऊन असं कुणी बसत नाही. कुणाच्या का नावानं होईना, बसले ना."

कोपऱ्यात पेजेची वाटी रिकामी होती.

मी दारातच उभी राहिले. ज्यांच्या तोंडून शब्द निघून गेले म्हणून मी मनातल्या मनात देवाला जाब विचारत होते, ते माझ्यासमोर प्रार्थना करत बसले होते. शब्द गेले होते हे खरं. पण आजाऱ्याजवळ जाऊन बसायचं, हे त्यांच्यातून कुणी काढून घेतलं नव्हतं. इतक्या गल्ल्यांतून, इतक्या दारांतून ते याच दारात कसे आले, ते मला माहीत नाही. मी त्याचा उलगडा करायला जात नाही. त्या घरी त्या दिवशी एका म्हातारीला कुणीतरी हवं होतं आणि ते तिथे होते.

निघताना गुरुजी आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आले. रिक्षात पप्पा माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होते. याच गोष्टीला मी इतके महिने भीत होते. थोड्या वेळानं त्यांनी अदबीनं विचारलं, "बाई, तुमच्या घरी कोण आजारी आहे?"

"माझे वडील," मी म्हणाले.

"काय होतंय त्यांना?"

"विसरतात. सगळंच विसरतात."

"मग त्यांना भेटायला हवं," ते म्हणाले. "पण आधी इथे प्रार्थना करू." त्यांनी माझा हात हातात घेतला. रिक्षा पुलावरून चालली होती, रहदारी तुंबली होती, हॉर्न वाजत होते. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. मी मदत केली नाही. मग ते म्हणाले, "प्रभू, या बाईला फार भीती वाटते. तिच्याजवळ राहा." आणि आमेन म्हणायचं विसरून बाहेर बघू लागले.

आमेन मी म्हटलं.

पप्पा बरे झालेले नाहीत. या पावसाळ्यात तर त्यांचं चालणंही कमी झालं आहे. शुभांगीताईंच्या सासूबाई दिवाळीनंतर गेल्या, तोवर आम्ही अधूनमधून त्यांच्याकडे जात राहिलो. मला अजून भीती वाटते. सगळं देवाच्या हाती सोपवणं एकदाच करून टाकायची गोष्ट असेल असं मला वाटायचं. तसं नाही. सकाळी सोपवलेलं दुपारपर्यंत मी परत मागून घेते आणि संध्याकाळी पुन्हा द्यावं लागतं. पण आता मी भिण्याची यादी वाचत नाही. त्यांच्या खाटेशी बसते, त्यांचा हात घेते आणि जमलं तर एखादं वाक्य बोलते. नाही जमलं तर नुसती बसते. शनिवारी शाळा सुटल्यावर मंडळीत कुणी आजारी असेल तर त्यांच्या घरी जाऊन येते. तिथे काय बोलावं ते मला अजून कळत नाही. दार वाजवते आणि विचारते, आत येऊ का. ज्यानं त्या दिवशी माझ्या पप्पांना हरवू दिलं नाही, आणि मलाही, त्याचे आभार मानायला मला सध्या एवढंच येतं.