चुन्याशिवाय चिकटत नाही

माण गावाहून मला बघायला माणसं आली, त्या दिवशी मी आतून नुसती उड्या मारत होते. बघायचं काय होतं त्यात डोंबल! मुलगा माझ्याच कॉलेजातला, आमचं केव्हाच जमलेलं, पण आमच्या कासार आंबोलीत त्याचा कुणाला पत्ता नव्हता. त्याच्या घरात चुलत्यांचा शब्द चालायचा. ते नको म्हणाले की संपलंच सगळं.

चहा झाल्यावर चुलत्यांनी विचारलं, "पोरगी करती काय?"

वडील ऐटीत म्हणाले, "सेलवर काम करती. सेल एकमेकाला कसं चिकटून ऱ्हात्यात, त्ये बघती."

चुलते उठले, गाडीतून मेंढरांमागं न्यायची बॅटरी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. "बघ बरं, पोरी. सेल नवं हायेत, तरी पेटत न्हाई."

मुलगा खाली मान घालून हसत होता. मेल्याला चिमटाच काढावासा वाटला, पण हसू मलाही आवरेना.

"हे सेल नव्हेत काका, अंगातले," मी म्हटलं. "कातडीतल्या पेशी. एकमेकींना धरून राहायला त्यांना प्रथिनांची टिचबटणं असतात. डेस्मोसोम म्हणतात त्यांना. म्हणून तर हात कितीही चोळला तरी कातडी सुटून येत नाही."

"आन् ती बटनं लागत्यात कशानं?"

आमच्या घरात माझ्या कामाबद्दल दुसरा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता. इतका आनंद झाला की जीभ सुटलीच. ते तळहातावर तंबाखू मळत होते. त्यांच्या डबीकडे बोट करून मी म्हणाले, "कॅल्शियम लागतं. तुमच्या या चुन्यात असतं ना, तेच. चुना लावल्याशिवाय कुणी कुणाला चिकटत नाही."

बघायच्या कार्यक्रमात मुलगी आपल्या तोंडानं चुना लावायची भाषा करत होती. आईनं पदर तोंडाला लावला. आता हे उठणार, आणि माझ्या मेल्या जिभेपायी तो हातचा जाणार.

चुलत्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पुतण्याकडं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"म्हंजे ह्या दोगांनी आपल्याला कवाच चुना लावलाय," तंबाखू दाढेखाली सारत ते म्हणाले.

मी मान वर केली नाही. नाही म्हणायचं तरी कशाला?

"मंग चिकटल्यात की. आता आमी कोन सोडवनार?" ते उठले. मी बॅटरी पुढं केली, तर त्यांनी ती माझ्याकडंच सरकवली.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. नांदायला येशील तवा पेटवून आण."