लाउंजमधला वजनकाटा

आत अठरा सोफे रिकामे होते आणि बाहेर फुटपाथवर बावीस माणसं सतरंजी टाकून बसली होती. बावीसपैकी एकाच मुलीकडे तिकीट होतं. आणि तीसुद्धा बाहेरच बसली होती.

"मॅडम, परत बोलावू का तिला?" रेशमानं विचारलं. रेशमा आमच्या फ्रंट डेस्कला. रोज बदनापूरहून सकाळच्या गाडीनं जालन्याला येते.

"दोनदा बोलावलं ना?"

"बोलावलं. ती म्हणली, आईला आत घेता का? मी म्हणलं, रूल न्हाई. मंग म्हणली, मी पण इथंच बरी."

तो रूल माझा होता. तिकीट असेल त्यालाच आत प्रवेश. मुंबईच्या विमानतळावर मी एकोणीस वर्षं लाउंज सांभाळलं, तिथूनच तो नियम उचलून आणला होता. लाउंज म्हणजे पैसेवाल्या प्रवाशाची बसायची खोली, असं साधं समजा. विमानाला वेळ असतो, बाहेर गर्दी असते, म्हणून माणूस आत येऊन टेकतो. त्याला काय काय लागतं त्याची आमची एक चेकलिस्ट असायची: शांतता, गार हवा, वायफाय, गरम जेवण, स्वच्छ बाथरूम. ती लिस्ट मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल.

वडिलांच्या आजारपणात मी बदनापूरला परत आले. तेव्हा अंबडचे घनश्यामशेठ भेटले. त्यांचा ट्रॅव्हल्सचा धंदा. जालन्याला विमानतळ नाही, त्यासाठी शेजारच्या जिल्ह्यात जावं लागतं. शेठनी जालन्याहून तिथवर बस सुरू केली आणि बस सुटते तिथंच लाउंज काढायचं ठरवलं. "मॅडम, एकदम एअरपोर्टवानी पाहिजे बघा. बिलकुल फरक नको." मी फरक ठेवला नाही. समोरचा चहावाला मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "विमान न्हाई, तळ न्हाई, अन् लाउंज! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

आम्हाला वाटलं होतं, स्टीलवाले आणि बियाणेवाले व्यापारी येतील. आले नाहीत. ते घरच्या गाडीनं थेट विमानतळावर जातात. त्यांचं लाउंज म्हणजे त्यांची गाडीच. आमच्याकडे यायची ती पहिल्यांदा परदेशी निघालेली पोरं. प्रत्येकाबरोबर पंधरा-वीस माणसं सोडायला. माणसं बाहेर, म्हणून पोरगंही बाहेर. आत आम्ही पाच जण इस्त्रीचे कपडे घालून रिकाम्या सोफ्यांवरची धूळ झटकायचो.

सोमवारी शेठ येऊन गेले होते. "मॅडम, बुरा मानू नका. शुक्रवारी मोबाइलच्या दुकानवाल्याला जागा दाखवायला आणतो. रिकामे सोफे मी किती दिवस पोसू?"

शेठ चुकीचं बोलत नव्हते. पण रेशमाच्या घरी जाऊन, तिच्या वडिलांसमोर बसून, "पोरीची नोकरी पक्की समजा" असं मीच सांगून आले होते. तिची ही पहिलीच नोकरी. लाउंज बंद झालं तर मी त्या घरासमोरून कोणत्या तोंडानं जाणार, हा घोर चार दिवस लागला होता. आणि आज शुक्रवार होता.

अकरा वाजता काचेच्या दारावर टकटक झाली. एक बाई पायातल्या चपला हातात घेऊन उभी होती.

"बाई, तुमच्याकडं काटा हाय का? वजनाचा?"

"आहे. का हो?"

"पोरीची बॅग मोजायची व्हती. तेवीस किलो चालती म्हणं. आम्ही शहागडहून मोजूनच आणली, कापसाच्या काट्यावर. बराबर बावीस भरली. पण माझा भाऊ म्हणतो, त्या काट्याचं काही खरं न्हाई."

काटा होता. विमानतळावर असतो तसाच, जमिनीवर ठेवायचा, आकडे दाखवणारा. शेठनी हौसेनं घेतला होता. सोफ्यांशेजारी बरा दिसत नाही म्हणून मी तो स्टोअररूममध्ये टिश्यूच्या खोक्यांखाली दडपून टाकला होता.

माझा पहिला विचार असा की काटा बाहेर नेऊन द्यावा, म्हणजे नियमही राहील. रेशमानं तो ओढत दारापर्यंत आणला. पण काटा विजेचा. प्लग आत भिंतीला आणि वायर जेमतेम दीड मीटर. माझा नियम त्या दीड मीटर वायरनं मोडला.

"या," मी म्हणाले. "बॅग आत आणा."

बॅगेबरोबर मुलीचे दोन भाऊ आले. भावांच्या मागे आई, मामा, मावशी. मग उरलेले सगळे. चपला मात्र प्रत्येकानं बाहेर काढल्या. फरशी चकचकीत होती ना. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिले, कुणी ऐकलं नाही.

मुलीचं नाव स्वाती. नर्स. जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. भाषेची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली होती. घरात विमानात बसणारी ती पहिलीच. भावांनी बॅग काट्यावर ठेवली. आकडे पळाले आणि थांबले. एकोणतीस किलो चारशे ग्रॅम.

मग आसाराममामा सावकाश म्हणाले, "म्हंजे हा माणूस आमचा कापूस पण असाच मोजून राह्यला का?"

"मामा, ते गावी जाऊन बघा," स्वाती म्हणाली. "आई, मोजल्यावर तू काय काय घातलंस?"

"म्या? काही न्हाई." आई पदराशी खेळायला लागली. "जरासं लोणचं. जराशा कुरडया. तूप."

मी त्यांना सांगितलं, इथं कळलं ते फार बरं झालं. विमानतळावर सोडायला आलेल्यांना दारातच थांबवतात. आत पोरगी एकटी. काउंटरवर बॅग जास्त भरली की म्हणतात, कमी करा. मग रांगेच्या बाजूला जमिनीवर बॅग उघडायची. आपले कपडे, आपली लोणच्याची बरणी, सगळं शंभर लोकांसमोर. काढलेलं सामान द्यायचं कुणाला? घरची माणसं बाहेर. शेवटी कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून पोरं निघून जातात. मुंबईला असे पापडाचे डबे मी कितीदा पाहिलेत.

हे सांगता सांगता मी मध्येच थांबले. एकोणीस वर्षं हे मला माहीत होतं. लाल डोळ्यांनी लाउंजमध्ये शिरणारे प्रवासी रोज बघत होते, आणि आम्ही त्यांना काय द्यायचो, तर गरम टॉवेल. आता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि खरं सांगते, लाज वाटली. ज्या माणसांना हे लाउंज खरंच लागत होतं, त्यांना मी तीन महिने दारातून परत पाठवत होते.

"रेशमा, मधलं टेबल मोकळं कर. ती फुलदाणी उचल आधी."

बॅग टेबलावर उघडली. आता मी मॅनेजर राहिले नाही, चेक-इनची बाई झाले. खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. त्या काढा, मी म्हणाले, सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेल असतं, पेट घेतं. मावशीला पटेना. "अवो, खोबरं पेटतं तर आमचं घर कवाच पेटलं असतं!" मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मोठ्या बॅगेत होती. ती उलट हातातल्या बॅगेत लागते, तिथं गेली. लोणचं चालेल, पण मोठ्या बॅगेत, दोन पिशव्या बांधून. मग पुस्तकांवरून जुंपली.

"पुस्तकं काढ. तिथं मिळत्यात," आई म्हणाली.

"आई, ती जर्मन शिकायची आहेत. कुरडया काढ."

"कुरडया मिळत्यात का तिथं?"

बावीस माणसांची बावीस मतं. एक भाऊ म्हणाला स्वेटर काढा, ती कार्टी थंडी वाजली तरी घालत नाही. सगळे हसले. स्वातीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. आई तिच्याकडे न बघता कुरडया मोजत बसली.

सगळ्यात खाली तुपाचा डबा निघाला. दोन किलोचा, झाकणाला कापड बांधलेलं.

"हे जाणार नाही, ताई," मी म्हणाले. "वजनाचं सोडा. दूध, तूप, दही तिकडच्या देशात बाहेरून नेऊ देत नाहीत. उतरल्यावर काढून घेतील."

"घरच्या म्हशीचं हाय, बाई."

"तरी."

आईनं वाद घातला नाही. दोन महिने साय साठवली होती, एवढंच म्हणाली. डबा मांडीवर घेऊन बसली. चेकलिस्टमध्ये याचं उत्तर नव्हतं.

मग आईच उठली. "न्हाई जात तर न्हाई. मंग इथंच खाईल ती. काढा रे भाकरी."

बाहेरचं खाणं आत आणू नये, असा आमच्या दारावर बोर्ड होता. मी बोर्डाकडे पाठ केली. रेशमा वाट्या घेऊन आली. सोफ्यावर मांडी घालता येत नाही, म्हणून सतरंजी आत आली आणि पंगत फरशीवर बसली. भाकरी, पिठलं, वर तूप. आईनं पोरीला घास भरवला. पोरगी चोवीस वर्षांची, पण तोंड उघडून बसली लहान लेकरासारखी. मग त्याच तुपात वात भिजवून मावशीनं तिला ओवाळलं. रेशमा शेजारी आग विझवायचं लाल नळकांडं हातात धरून उभी होती. सुरक्षेचा नियम तेवढा मी मोडू दिला नाही.

नेमक्या त्याच वेळी दार उघडलं. घनश्यामशेठ. मागे मोबाइलच्या दुकानवाला, हातात मोजायची टेप.

शेठनी आधी दारातला चपलांचा ढीग पाहिला. मग पंगत. मग मला.

"मॅडम, हे लाउंज हाय का मंगल कार्यालय?"

माझ्या आधी स्वातीची आई बोलली. "या भाऊ, बसा. दोन घास खा. पोरगी जर्मनीला चालली."

"न्हाई न्हाई, मी जेवून आल्तो."

"जेवून आला तरी तूप-भाकर काय जड हाय का? बसा."

आपल्याकडचा आग्रह! शेठ टेकले. अर्ध्या भाकरीवर आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, एक सांगा. बाहेर सतरंजी टाकून निवांत बसला व्हता म्हणं. मंग आत कशापायी आल्या?"

"काटा व्हता म्हणून आलो. पोरीची बॅग तिथं चार लोकांपुढं उघडायला लागली असती. इथं घरच्यांत उघडली. जे राह्यलं ते आम्ही माघारी नेऊ. आब्रू वाचली, भाऊ."

शेठ माझ्याकडे वळले. "अशी माणसं किती येतेत?"

"रोज येतेत, सर," रेशमा माझ्या आधी बोलली. "आपणच बाहेर बसवून राह्यलो."

"आपण नाही. मी," मी म्हणाले. "एअरपोर्टसारखं करायला सांगितलं तुम्ही. मी इतकं एअरपोर्टसारखं केलं की एअरपोर्टवर जे चुकतं तेही उचलून आणलं."

शेठनी बोटाला लागलेलं तूप चाटलं. विचार करायला त्यांना वेळ लागतो, पण एकदा केला की माणूस जल्दी हलतो. "तीन महिने देतो. घरटी एकच तिकीट लावा, मंग माणसं पाच येवोत का पंचवीस. अन् तो काटा आत कशाला दडवला व्हता? दारात ठेवा, रस्त्यावरून दिसला पाहिजे." मोबाइलवाल्याला ते म्हणाले, "भाऊ, जागा सध्या न्हाई." तो बिचारा टेप गुंडाळत काट्यावर उभा राहिला, स्वतःचं वजन पाहिलं आणि तोंड पाडून गेला.

अडीचला बस सुटली. बॅग बावीस किलो नऊशे ग्रॅम. त्यात कुरडया होत्या आणि पुस्तकंही होती. स्वेटर स्वातीच्या अंगात होता, भर उन्हात. बस वळेपर्यंत बावीसातली एकवीस माणसं हात हलवत होती. उरलेलं सामान त्यांच्या पिकअप गाडीत चढलं. मामा निघताना म्हणाले, "बाई, हा काटा एक दिवस भाड्यानं देता का? कापसाच्या दुकानात नेऊन ठेवतो."

तीन महिन्यांची मुदत कधी संपली ते शेठनाही आठवलं नाही. सोफ्यांपैकी निम्मे गेले, त्या जागी गाद्या-तक्के आले. नव्या मुलींना मी अजून चेकलिस्ट शिकवते. वायफाय आहे, बाथरूम आहे. पण पहिल्या ओळीत वजनकाटा आहे आणि दुसऱ्या ओळीत सोडायला आलेली माणसं. रेशमा आता शिफ्ट सांभाळते. तिच्या वडिलांच्या घरासमोरून मी ताठ मानेनं जाते.

वर्ष उलटल्यावर एक दिवस लाउंजच्या फोनवर शहागडहून आवाज आला. "बाई, वळखलं का? तूपवाली. पोरगी सुट्टीला येऊन राह्यली उद्या. घ्यायला तिथंच येतो आम्ही. जागा ठेवा."

"ठेवते. किती जण?"

"सत्तावीस. अन् एक करा, तो काटा उद्याच्या दिवस आत ठेवा. येणाऱ्याचं वजन करत नसतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या मी आणि रेशमानं काटा उचलून स्टोअररूममध्ये नेला.