वळणदार अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. केंद्रातल्या सगळ्या शाळांची प्रमाणपत्रं लिहायला माझ्याकडेच येतात. कळंबच्या बाजूला ज्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिथं रस्त्याकडच्या भिंतीवर फळा रंगवलेला आहे आणि त्यावर रोज सकाळी मी सुविचार लिहितो. सुविचार कुणी वाचत नाही, अक्षर मात्र येणारे-जाणारे बघतात. माझ्या ळच्या दोन्ही गाठी अगदी सारख्या असतात आणि शेवटी एक छोटं शेपूट खाली उतरतं. गावातल्या निम्म्या लोकांना तोच ळ येतो, कारण तो मीच शिकवलाय. या अक्षराचा मला गर्व होता.

माझी मुलगी पहिलीला जायची झाली, त्या सुमारास आम्ही राहतो तिथून जवळच, कर्जतच्या रस्त्यावर, नवी इंग्रजी शाळा उघडली. मी दर उन्हाळ्यात लोकांच्या दारोदार फिरून त्यांची पोरं माझ्या शाळेत मागणारा मास्तर. पण घरात स्वतःच्या मुलीचा विषय निघाला तेव्हा माझ्या शाळेचं नाव एकदाही माझ्या तोंडात आलं नाही. बायको मागे लागली, असं मी पुढे बरेच दिवस सांगत होतो. खोटं आहे ते. मलाच हवं होतं.

शाळेच्या थंडगार ऑफिसात एका बाईंनी सांगितलं की दोनच जागा उरल्यात आणि आधी पालकांची मुलाखत होईल. मी, एवढा शिकलेला माणूस, घाबरलो. फॉर्मच्या शेवटी एक मोठा रकाना होता : ही शाळा का निवडली? मराठीत लिहिलं तरी चालेल, त्या म्हणाल्या. बाकीच्या पालकांनी एकेक ओळ खरडली होती. मी बसून रकाना भरून काढला, आणि शेवटी लिहिलं : ‘या परिसरात मुलांना खरं वळण आणि खरं शिक्षण मिळेल अशी हीच एक शाळा आहे.’ बाईंनी ते दोनदा वाचलं आणि अक्षराचं कौतुक केलं. मी फुगलो. जूनमध्ये मुलीला सोडायला गेलो तेव्हा वर्गातले निम्मे बाक रिकामे होते.

पुढच्या वर्षी ती शाळा, मी जिथं शिकवतो त्या गावात पोरं गोळा करायला उतरली. संक्रांतीला बायकांना हळदीकुंकवाला बोलावून शाळेचं नाव छापलेले डबे वाण म्हणून दिले. आता वाण काही कुणी परत करत नाही, त्यामुळे प्रत्येक फडताळात ती शाळा जाऊन बसली. बालवाडीतल्या पोरांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून फोटो काढले. एप्रिलमध्ये रिकामी पिवळी बस भोंगा लावून वाड्यावस्त्यांतून फिरायला लागली. आणि आमच्याकडे काय, तर प्रवेश मेळाव्याचे चार फुगे आणि मी.

त्या वर्षी माझ्या यादीत सहा वर्षं पूर्ण होणारी सात मुलं होती. शाळेचा पट आधीच खाली आला होता. पहिलीत कुणी आलं नाही तर काय होतं ते मी शेजारच्या वाडीत पाहिलंय. रिकामा वर्ग दरवर्षी एकेक इयत्ता वर सरकतो आणि शेवटी दाराला कुलूप लागतं. सातांतली निदान तीन तरी आणायचीच, असं ठरवून मी मे महिन्यात गावात शिरलो.

फाट्यावरच नवा फ्लेक्स लागला होता. त्यावर कुणाचा फोटो नव्हता, नाव नव्हतं. होतं फक्त माझं वाक्य, माझ्याच अक्षरात, हातभर मोठं केलेलं. खाली छापलं होतं, ‘एका शिक्षक पालकाचं मनोगत’. त्यातला प्रत्येक ळ लांबून ओळखू येत होता. शंभर पावलांवर, माझ्या भिंतीवरच्या फळ्यावर, तोच ळ होता.

मी तडक त्या ऑफिसात गेलो. बाईंनी हसून फॉर्म उलटा केला आणि मागची बारीक अक्षरातली संमती दाखवली. खाली माझी सही होती, तीही वळणदार. नाव कुठं टाकलंय सर, असं वर विचारलं. मी चरफडत परत आलो. मुलीला तिथून काढलं मात्र नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही काढलं.

सहा घरांत मला चहा मिळाला आणि कुणीही तोडून बोललं नाही. बघू, म्हणाले. फ्लेक्सचं नाव कुणी काढलं नाही, आणि तेच जास्त लागलं. सातव्या घरची आई माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा नवरा रिसॉर्टवर बागकाम करतो. मी बोलायला सुरुवात करण्याआधीच तिने विचारलं,

“गुरुजी, फाट्यावरचं तुमीच लिवलंय ना? तुमचा ळ मी वळखते.”

मी हो म्हणालो.

“मग येवढंच सांगा. त्ये खरं हाय का खोटं?”

खोटं म्हणालो असतो तर खोटं माहीत असूनही पोटच्या मुलीला तिथं पाठवणारा ठरलो असतो. खरं म्हणालो असतो तर तिच्या दारात माझं कामच काय होतं? मी यादीची घडी करून खिशात टाकली. तिने रागावून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं, कारण तिच्याकडे विचारायला दुसरं कुणी नव्हतं. मी गप्प बसलो आणि तिने ते खरं धरलं.

आतून तिने त्या शाळेचे दोन फॉर्म आणले. चुकला तर असू दे म्हणून त्यांनीच दोन दिले होते. तो शेवटचा रकाना तुम्हीच भरा, तुमचं अक्षर चांगलं आहे, म्हणाली. मी पेन घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम अक्षर बिघडवलं; शिरोरेघ मोडली, ळची एक गाठ फुगवली, शेपूट उडवलं. एवढीच माझी मर्दुमकी.

तिने कागद वाचला, मग माझ्या बोटांकडे पाहिलं.

“हात दुखतो का वो गुरुजी? ऱ्हावू द्या, मीच लिवते.”

तिने दुसरा फॉर्म मांडीवर घेतला आणि मी लिहिलेलं सगळं नीट उतरवून काढलं, सावकाश, शिरोरेघ सरळ ठेवून, ळच्या दोन्ही गाठी सारख्या. वीस वर्षांपूर्वी पाटीवर तिचा हात धरून गिरवून घेतलेलं अक्षर जसंच्या तसं होतं. लिहून झाल्यावर तिने फॉर्म माझ्यापुढे धरला आणि कुठं चुकलं नाही ना, म्हणून विचारलं. एकही चूक नव्हती.