चांगुणाबाई टिंब कालकथित

कुसुममावशीला कुणी "नक्की का?" असं विचारू नये. विचारलं की ती ते नक्कीच करते.

एकदा पालमहून येताना कंडक्टर तिला म्हणाला, गाडी फाट्यावर थांबणार नाही, पुढं उतरा. ती म्हणाली, "मग मी उतरतच न्हाई." पुढचा थांबा आला, ती बसूनच. शेवटच्या गावापर्यंत गेली, त्याच गाडीनं परत फिरली आणि त्याच कंडक्टरला फाट्यावर घंटी मारायला लावली. ती शाळेत खिचडी शिजवते. किडकी डाळ आली की चूल पेटवत नाही. मुख्याध्यापक ओरडतात. ती पायरीवर पाय पसरून बसते. डाळ बदलून येते.

चांगुणाबाई तिची मैत्रीण. दोघी एकाच वस्तीतल्या, सोबत शेतात निंदायला जायच्या. चांगुणाबाई स्वतः गाणी जुळवायची. आवाज जाडाभरडा. कापसाच्या या टोकाला गायली की त्या टोकाच्या बाया ओ द्यायच्या. पण विहारातल्या माईकवर तो आवाज कधी गेला नाही. जयंतीला बाहेरून गाण्याची पार्टी यायची. विहाराचे सचिव सिद्धोधनदादा म्हणायचे, "चांगुणाकाकू, तुमचा आवाज माईकला बसत न्हाई." ती हसायची. कुसुममावशी हसायची नाही.

मागच्या महिन्यात चांगुणाबाई गेली. रविवारी विहारात तिच्या आठवणीचं पुण्यानुमोदन ठरलं. कुसुममावशीनं जाहीर केलं, "त्या दिवशी तिचंच गाणं वाजंल. त्याच माईकवर."

गाण्याचा व्हिडिओ एकच होता. मावशीनंच फोनवर काढलेला. पुढं तो फोन हौदात पडला. चांगुणाबाईचा मुलगा जीवन परभणीला असतो, त्याच्याकडं तो व्हिडिओ होता. त्यानं लिंक पाठवली. विहाराच्या वाचनालयात एक कॉम्प्युटर आहे, त्यावर मी तो डाउनलोड करून दिला. तेव्हा लागतो का, ते बघायला हवं होतं. लाइट गेली आणि आम्ही घरी गेलो.

शनिवारी दुपारी बघितलं तर फाईल उघडेना. कोणत्या प्रोग्रामनं उघडू, असं कॉम्प्युटर विचारायचा. प्लेअर दाखवला की प्लेअर म्हणायचा, हा प्रकार मला चालत नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. पेनड्राइव्हवर घेऊन दादांच्या टीव्हीला लावली. टीव्हीला ती फाईल दिसलीच नाही. पुन्हा डाउनलोड करावी म्हटलं तर लिंकची मुदत संपलेली. जीवननं फोन बदलला होता. त्याच्याकडंही काही उरलं नव्हतं.

सिद्धोधनदादांनी चष्मा काढला. "मावशी, फाईल करप्ट झालीय."

"कोण करप्ट?"

"चांगुणाकाकूची फाईल."

मावशी खुर्चीतून उठली. "तोंड सांभाळून बोल, सिद्धोधन. तिनं जन्मात कुणाचा चहा फुकट पिला न्हाई. करप्ट म्हणं!"

"तसं न्हाई हो. फाईल खराब झाली, एवढंच."

"ती धडधाकट होती. तुमचं मशीन खराब हाय."

दादा वैतागले. त्यांनी दुसरी सोय आधीच केली होती. एका प्रसिद्ध पार्टीची गाणी मोबाइलमध्ये तयार होती. "उद्या ती लावू. लोकांना बी आवडतील. संध्याकाळी मंडपवाला येईल, त्याच्या आत काय ते सांगा."

"दुसरं गाणं वाजलं तर मी माईकची वायर उपसून घरी न्हेईन," मावशी म्हणाली.

ते तिनं केलं असतं. दादांनाही ते माहीत होतं. ते मंडपवाल्याला फोन करायला बाहेर गेले.

मावशी माझ्याकडं वळली. "निके, तू बी.ए. झालीस ना? मग बघ की."

"मावशी, मी मराठी घेऊन बी.ए. झाले."

"मग? चांगुणा काय इंग्रजीत गात होती?"

मी पुन्हा पडद्याकडं बघितलं. दुसरं काही येत नव्हतं म्हणून फाईलचं नाव वाचलं. चांगुणाबाई टिंब कालकथित.

आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात. पत्रिकेवर, फोटोखाली, सगळीकडं आधी. इथं ते मागं होतं. व्याकरणाच्या सवयीनं मला ते खटकलं.

"मावशी, हे नाव कुणी लिहिलं?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"मावशी."

"मी लिहिलं. मग काय झालं? गुरुवारी आले होते विहार झाडायला. जीवननं नाव ठेवलं होतं, चांगुणा फायनल. फायनल! आईला कुणी असं म्हणतं का? वाचनालयात ती पिंकी बसली व्हती, तिला विचारलं, नाव कसं बदलायचं. तिनं दाखवलं आन् गेली. मग मी बदललं. बाई लावलं. कालकथित लावलं."

"मागं का लावलं?"

"मागं जागा व्हती. तिथं ते एमपीफोर का काय व्हतं, ते काढून टाकलं. गेलेल्या बाईच्या नावाला शेपूट कशाला?"

मी माउसवरचा हात काढला. "तेव्हा कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही?"

"विचारलं की. एक चौकट आली. इंग्रजीत लय काय काय लिहिलं व्हतं. खाली येस आन् नो. तेवढं येतं मला वाचायला." तिनं पदर खोचला. "म्हणलं, हा कोण मला विचारणारा? येस दाबलं."

एवढ्या सगळ्यांना नाही म्हणणारी बाई एका चौकटीला हो म्हणाली होती. तेही भांडण म्हणूनच.

मी तिला समजावलं. व्हिडिओ जसाच्या तसा आहे. फक्त ते शेपूट बघून कॉम्प्युटर ओळखतो की हा व्हिडिओ आहे. ते परत लावावं लागेल.

"न्हाई लावायचं."

"मग गाणं वाजणार नाही."

तिनं पडद्यावरचं नाव बोटानं एकदा चाचपलं.

"लाव," ती म्हणाली. "पण कालकथित काढायचं न्हाई. बाई काढायचं न्हाई."

"कालकथित पुढं घेते. तिथंच असतं ते."

"घे."

मी टाइप केलं. कालकथित चांगुणाबाई टिंब एमपीफोर. चौकट पुन्हा आली. मावशीनं माझा हात बाजूला सारून येस दाबलं. व्हिडिओ लागला.

रविवारी सकाळी विहार भरला होता. वंदना झाली. मग दादांनी घरून आणलेल्या टीव्हीचं बटण दाबलं आणि माईक स्पीकरजवळ धरला. चांगुणाबाई ज्वारीच्या कडब्याला टेकून बसलेली. मागं शेळी. ती आधी रागावली, "कुसुम, फोन सरळ धर, मी पडायलेय त्यातून." सगळे हसले. मग ती गायला लागली.

*लेक पाटीवर नाव माझं लिहिती,*
*माझ्या अंगणात उजेड बाई...*

आवाज माईकला खरंच बसत नव्हता. भोंगा थरथरत होता. दादांनी आवाज कमी करायला हात नेला. मावशीनं नुसतं बघितलं. हात परत आला.

गाणं संपलं. चांगुणाबाई पडद्यातून थेट समोर बघत म्हणाली, "आलं का गं त्यात?"

व्हिडिओत त्याचं उत्तर नाही. मावशी तेव्हा बटण शोधत असणार.

"आलं, आलं," मावशी भरल्या विहारात मोठ्यानं म्हणाली.

पडदा काळा झाला. दादा पुढच्या भाषणासाठी माईक घेऊन उठले.

"बस खाली, सिद्धोधन," मावशी म्हणाली. "पुन्हा लाव."

"मावशी, नक्की?" दादांच्या तोंडून निघून गेलं.