दोन पावसाळ्यांची गाडी

"दोन पावसाळे," त्र्यंबकराव वकील म्हणाले, "फार तर दोन. मग भंगाराच्या भावात मीच उचलीन ही."

हे ते धाकू भोईरला म्हणाले नाहीत. कल्याणच्या लष्करी कँपातल्या कॅप्टनसाहेबाला म्हणाले, आणि तेही इंग्रजीत. कळव्याच्या आगऱ्याला इंग्रजी कुठलं कळायला, असा त्यांचा समज. पण लढाईची पाच वर्षं धाकूने त्याच कँपात लॉऱ्या दुरुस्त केल्या होत्या. गोऱ्यांच्या शिव्या पोटभर खाल्ल्या होत्या, आणि शिव्यांबरोबर भाषाही थोडीफार पोटात गेली होती. 'मॉन्सून' कळलं, 'स्क्रॅप' तर चांगलंच कळलं. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली, ती धाकूने बाजूला सारली आणि कागदावर बोटाएवढ्या अक्षरांत सही ठोकली.

हा अठ्ठेचाळीस सालचा जानेवारी. कॅप्टन विलायतेला निघाला होता आणि त्याची हिरवी एमजी विकायची होती. दोनच माणसांची गाडी. लांबडं नाक, तारांची चाकं, पुढची काच आडवी पाडली की वारा सरळ तोंडावर. दोन कार्बोरेटर. मोकळा रस्ता मिळाला तर ताशी सत्तर मैल. नौपाड्याच्या त्र्यंबकरावांनी महिनाभर आधी शब्द टाकून ठेवला होता. पण तीन वर्षं ही गाडी कोणाच्या हाताने चालती राहिली हे कॅप्टनने पाहिलं होतं. त्याने धाकूला किंमत सांगितली आणि धाकूने ती आणून दिली.

आणली कुठून? कळव्याहून मुंबईच्या बंदरात मीठ नेणारा एक मचवा होता, निम्मा धाकूचा आणि निम्मा त्याच्या थोरल्या भावाचा, राघोचा. धाकूने आपला निम्मा विकला.

"मचवा इकून पेटारा आनलास?" राघो म्हणाला. "पोरांना काय घालशील, पेट्रोल?"

राघोचं काही चुकलं नव्हतं. या गाडीत मिठाचं पोतं मावत नव्हतं, पाव्हणा बसत नव्हता, आणि कळवा नाक्यावरच्या गॅरेजात ट्रकवाल्यांची कामं करून पोट भरणाऱ्या माणसाला तिचा उपयोग शून्य. पण कॅप्टनसाठी गाडी तपासायला म्हणून धाकूने ती एकदा शिळफाट्याच्या रस्त्यावर सोडली होती. मिठागरावर कारकुनाने थांब म्हटलं की थांबायचं, कँपाच्या फाटकावर पहारेकऱ्याने थांब म्हटलं की थांबायचं, असाच त्याचा जन्म गेला होता. त्या दिवशी चार मैलभर त्याला थांबवणारं कोणी नव्हतं. ते सुख त्याला पुन्हा हवं होतं. हक्काने हवं होतं. बाकी सगळी कारणं मागाहून जोडलेली.

थांबवणारे अर्थात मिळालेच. ठाण्याच्या बाजारात गाडी उभी केली की कोणीतरी पांढरपेशा जवळ यायचाच.

"कोणाची रे गाडी?"

"माझी."

"अरे, मालक कुठाय?"

"बसलाय तो."

बरं, माणसांना उत्तर देता येतं. खाऱ्या हवेला काय देणार? कळव्याला खाडी उशाशी. खिळा ठोकावा, तर तीन वर्षांनी भिंतीत भोक उरावं आणि खिळा नसावा, असं ते गाव. धाकू सकाळ-संध्याकाळ गाडी पुसायचा. तरी चैत्रात मडगार्डच्या आतल्या कडेला मसुरीच्या दाण्याएवढा तांबूस ठिपका दिसला आणि त्याचं जेवणावरचं मन उडालं.

बायको, सखुबाई, दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मचव्याला काय लावीत व्हतास?"

"मुशीचं त्याल."

"मंग?"

धाकू उठला आणि त्याने गाडीच्या तळाची फळी उचकटली. आजवर त्याने इंजिनच खोललं होतं, आता आत बघतो तर पत्र्याखाली सगळा सांगाडा लाकडाचा. वासे, सांधे, फळ्या. विलायतेच्या साहेबाने मचवाच बांधला होता आणि वर पत्रा मारून मोटार म्हणून विकला होता! मग काय, चेंदणीच्या कोळ्यांकडून मुशी माशाच्या तेलाचे दोन डबे आले. खालून, आतून, सांध्यासांध्यांतून गाडीला तेल पाजलं गेलं. पहिले आठ दिवस गावातली मांजरं गाडीभोवती बैठक मारून होती. गावाने गाडीचं नावच मचवा ठेवलं. वास असा, की गाडी नाक्याच्या अलीकडे असतानाच पलीकडच्या हॉटेलातल्यांना कळायचं. पण तांबूस ठिपका होता तेवढाच राहिला.

पाऊस संपला, दसरा आला. धाकूने गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, सखुबाईला शेजारी बसवलं आणि थेट नौपाड्यात वकिलांचं दार गाठलं. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्याला कोणी दारातून परत लावत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, सोनं घ्या," आपट्याची पानं पुढे करत तो म्हणाला. "एक पावसाला सरला."

त्र्यंबकरावांनी पानं घेतली. मग चष्मा लावला, पायऱ्या उतरले आणि गाडीभोवती फिरले. वाकले, मडगार्डच्या आत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं आणि घाईघाईने आत जाऊन दोनदा साबणाने हात धुतले. त्यांची पत्नी उत्तराबाई नाकाला पदर लावून उंबऱ्यात उभी होती. तिने सखुबाईच्या हातावर पेढा ठेवला आणि गाडीकडे बघत विचारलं, "काय गं, जोरात गेली की वारा फार लागतो का?"

"तुला काय करायचंय?" आतून वकील गरजले.

दुसऱ्या दसऱ्याला धाकू म्हणाला, "दोन झाले, साहेब." वकिलांनी हार मानायला हवी होती. पण तारखा वाढवून घेण्यात ज्याची हयात गेली, तो असा हरतो होय! "अजून एक पावसाळा बघू," म्हणाले. मग अजून एक. दर वर्षी चष्मा, दर वर्षी बोट, दर वर्षी साबण. मधल्या काळात चांगल्या किमतीचे दोन निरोपही येऊन गेले. धाकूचं उत्तर एकच, "इकाची नाय." खरं तर संसाराच्या ओढगस्तीत तीनदा विकायची पाळी आली होती. पण विकली असती, तर वकिलांचं ते इंग्रजी वाक्य खरं झालं असतं. ते त्याला मेल्यावरही सोसलं नसतं.

चौपन्न सालची पिठोरी अमावास्या. भर दुपारची भरती, त्यात पश्चिमेचा वारा. मिठागराच्या बांधाला खांड पडली आणि खाडी गावात शिरली. धाकू मुंब्र्याला अडकलेला ट्रक सोडवायला गेला होता. धावत-पोहत तो परतला, तेव्हा छपराखाली गाडी दिसत नव्हती. पाण्यावर फक्त स्टीअरिंगची वरची कड आणि पुढची काच. सखुबाई छातीएवढ्या पाण्यात उभी होती. तिने गाडी दोरखंडाने खांबाला बांधून ठेवली होती, भरतीत मचवा बांधतात तशी.

"व्हावून गेली असती," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली.

ओहोटीला पाणी उतरलं. सगळ्या सांध्यांतून खारं पाणी आणि गाळ गळत होता. राघोने कपाळाला हात लावला. "गेली रं, धाकू."

बातमी पूल ओलांडून नौपाड्याला गेलीच. चौथ्या दिवशी वकिलांचा गडी निरोप घेऊन आला. साहेबांनी सांगितलंय, यंदा येण्याची तसदी घेऊ नये, दसऱ्याला हातगाडी पाठवतो.

धाकूला संताप चढला. सहा पावसाळे जपलेली ही वस्तू. तिच्या मरणाची कोणी तारीख काढावी?

"सांग साहेबांना," तो म्हणाला, "हातगारी पाठवू नका, तुमच्याच दारानं उभी ठेवा. सोनं द्याला मीच येतंय. गारीनं."

दसऱ्याला छत्तीस दिवस उरले होते.

दुसरा एखादा फिटर असता तर त्याने फडकी घेतली असती. पण धाकूचा जन्म मिठागरातला. मीठ पुसून जात नाही, सुकलं की पुन्हा वर येतं. मिठाला न्यायला गोडं पाणीच लागतं, हे तो चालायला लागल्यापासून जाणत होता. चार दिवस तो तेच करत होता, विहिरीच्या घागरी ओतत. ते पुरत नव्हतं. निरोप आला त्याच दुपारी त्याने इंजिनातलं तेल आणि टाकीतलं पेट्रोल काढलं, राघोचे बैल जुंपले आणि गाडी ओढत नेऊन गावामागच्या म्हशींच्या तळ्यात घातली.

"येरा झाला," गाव म्हणालं. "बुडालेली गारी परत बुडवतोय!" म्हशींनी मात्र काही हरकत घेतली नाही. दिवसभर त्या एमजीच्या बाजूला नाकं वर करून बसल्या.

मग गाडी बाहेर काढून त्याने सुटी केली. नट अन् नट. प्रत्येक भाग घागरीच्या पाण्यात, वरून पाणी बदल, पुन्हा घागरीत. आणि मीठ गेलं की नाही ते कसं कळणार? मिठागरावर पाणी कितपत पिकलं, किती खारट झालं, ते कळतं तसंच. जिभेने. धाकू बोल्ट उचलायचा, चाटायचा. "खारट." पुन्हा घागरीत. सखुबाई वायसर चाटायची. तिसऱ्या दिवशी राघो येऊन नुसता उभा राहिला. मग खाली बसला, एक स्प्रिंग उचलली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. "खारट हाय, रं." त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. डायनॅमो चुलीशेजारी तांदळासारखा वाळवला. मुशीचं तेल तीन डबे लागलं.

दसऱ्याच्या सकाळी पुन्हा जोडलेल्या गाडीला हँडल मारलं. काही नाही. विसाव्यांदा मारलं तेव्हा गाडीने खोकून काळा धूर टाकला, आणि मग आवाज लागला. सखुबाई आपट्याची पानं ओटीत घेऊन शेजारी बसली.

कळव्याच्या पुलावर, बरोब्बर मधोमध, गाडी मेली.

खाली खाडी, दोन्ही बाजूंना नवे कपडे घालून निघालेले लोक, आणि धाकू बॉनेट उघडून उभा. "ढकलू काय?" कोणीतरी विचारलं. "हात लावू नका!" तो ओरडला. ढकलत नेलेली गाडी ही आलेली गाडी नव्हे. त्याने मागच्या कार्बोरेटरची जेट, पेट्रोलची ती बारीक भोकाची नळी, सोडवली आणि जिभेवर ठेवली. खारट. एक कण राहिला होता. एवढ्या पाण्यावर उभं राहून गोडं पाणी थेंबभर नाही! त्याने रेडिएटरची तोटी सोडली, वाटीभर कढत पाणी घेतलं, जेट धुतली, फुंकली, चाखली. आता गोडी लागली. हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला गाडी बोलली.

नौपाड्यात वकिलांच्या दारात खरोखरच हातगाडी उभी होती. शेजारी लोखंडाचा व्यापारी काटा घेऊन, आणि गंमत बघायला आळीतली दहाबारा माणसं. मुशीचा वास कोपऱ्यावरून आला, तशा सगळ्यांच्या माना वळल्या. त्यामागून हिरवं नाक आलं, झेंडूची माळ आली, आणि गाडी हातगाडीला खेटून उभी राहिली.

"सोनं घ्या, साहेब. सात झाले."

त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. पण चष्मा चढला. त्यांनी दोन फेऱ्या घातल्या, वाकून बघितलं, बोट घातलं. तांबूस ठिपका एकच सापडला, सहा वर्षांपूर्वीचा. ते ताठ झाले आणि जमलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वरून काय, रंगरंगोटी करता येते. मीठ आत असतं. ते दिसत नाही."

"बरोबर, साहेब," धाकू म्हणाला. "मीठ डोल्यांनी दिसत नाय. चाटून बघा."

उंबऱ्यातून मोठ्याने हसू फुटलं. उत्तराबाई हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग नाकावरचा पदर काढून तिने कमरेला खोचला आणि नेसत्या शालूनिशी ती पायऱ्या उतरली.

"सखुबाई, मला बसू देशील?"

"अगं, काय चालवलंयस! लोक बघताहेत!" वकील म्हणाले.

"बघू देत की. त्यांना बघायलाच तर बोलावलंत. सात दसरे वास घेतेय, आज वाराही घेते."

सखुबाई खाली उतरली. इकडेतिकडे बघितलं आणि सरळ हातगाडीवर जाऊन बसली, पाय हलवत. "तुमी येईपरेंत मी हतंच हाय," ती म्हणाली. "आनलेली हातगारी रिकामी कशाला?"

गाडी निघाली. ठाण्यातल्या गर्दीतून धाकूने ती जपून, हळू काढली, पाहुणी बाई शेजारी म्हणून. पुलापलीकडे रस्ता मोकळा झाला. उत्तराबाईने पुढची काच आपल्या हाताने आडवी पाडली.

"एवढीच पळते होय रे?"

धाकू हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "पदर घट्ट धरा."