झुबेरीच्या दुकानातला वकील

लुशोटोच्या बाजारात झुबेरी शेमवेटा लोकांचे केस कापायचा. म्हणजे मुख्यतः बोलायचा, मधूनमधून कात्री चालायची. शेजारच्या टपरीत माझं शिवणयंत्र. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे त्याचं एकही वाक्य माझ्या कानांतून सुटलेलं नाही. गावातलं कुठलं लग्न मोडणार, हे मला नवऱ्यामुलाच्या आधी कळायचं.

एकदा कोबीवाला किनियासी दाढी करायला आला. कोबीची पाटी त्यानं दारात टेकवली, आणि पानांतून दोन शिंगं वर आली. मागोमाग डोळे, एक इकडे बघणारा, एक तिकडे. घोयरा सरडा! गिऱ्हाइकं फेसासकट रस्त्यावर पळाली. आमच्याकडे घोयऱ्याला माणसं सापापेक्षा जास्त भितात. किनियासीनं कोयता उचलला.

"थांब रे!" झुबेरी मध्ये पडला. "बघ तरी! एका डोळ्यानं अशिलाकडं बघतोय, दुसऱ्यानं फिर्यादीकडं. हा तर वकील!"

आणि वकील तिथंच राहिला.

राहायला दिलं ते चहावाल्यानं टाकून दिलेलं, मंडाझी म्हणजे तळलेले गोड वडे ठेवायचं काचेचं कपाट. झुबेरीनं ते पुसूनबिसून मोठ्या आरशासमोर ठेवलं. "शीशमहाल!" म्हणाला. वकील आत गेला, त्याला काचेत दुसरा घोयरा दिसला, आणि तो भाकरीसारखा फुगून काळाठिक्कर पडला. फुसफुसला, काचेला धडका दिल्या. वाटीतल्या पाण्याला तोंड लावलं नाही.

"रोजे धरलेत वाटतं," झुबेरी म्हणाला.

"रमजान कधीच संपला," मी म्हटलं. "काचेत त्याला वैरी दिसतोय. दिवसभर स्वतःचं तोंड बघायला तो काय न्हावी आहे?"

मग कोंबड्यांची टोपली आली. ती जमिनीवर. शेजारची कोंबडी टोपलीभोवती फिरून फटीतून डोकवायची, घरमालकीण बघते तशी. वकील फिका पडला. त्या रात्री जोराचा पाऊस झाला, आणि सकाळी टोपली रिकामी! झुबेरी डोक्याला हात लावून बसला. अर्धं डोकं भादरलेलं एक गिऱ्हाईकसुद्धा शोधायला निघालं.

वकील मागच्या पेरूच्या अगदी शेंड्याला सापडला. हिरवागार, खुशीत, पानावरचे पावसाचे थेंब चाटत. झुबेरी खाली उभा राहून बघत राहिला.

"अगं, ह्याला वाटीतलं पाणी पाणी वाटतच नाही!" शेवटी तो म्हणाला. "थेंब पाहिजेत. उंची पाहिजे. पानं पाहिजेत, वारा पाहिजे."

"आणि तुझी बडबड नको."

आता असं उंच, हवेशीर, तरी बंद घर मिळणार कुठं? एकच होतं. त्याच्या सासूचं, बी सिकुधानीचं, अन्न ठेवायचं जाळीचं कपाट. ती भाचीच्या लग्नाला सोनी गावी गेली होती. तिची पाठ वळली आणि कपाट हातगाडीवरून दुकानात आलं. झुबेरीनं फळ्या काढल्या, आत जास्वंदीची कुंडी ठेवली. पायांना धरता येतील अशा पेरूच्या फांद्या आडव्यातिडव्या बांधल्या. वर खिळ्यानं भोक पाडलेला डबा ठेवला, थेंब थेंब पानांवर पडायला. कपाट उगवतीच्या खिडकीशी टेबलावर चढवलं. अर्ध्यात ऊन, अर्ध्यात सावली. आरशांना मी पडदे शिवून दिले.

वकील रुळला. टोळ खायला लागला. झुबेरी त्याहून खूश, कारण आता गिऱ्हाइकांना आपलं डोकं दिसतच नव्हतं.

"कसं झालंय?" गिऱ्हाइकं विचारायची.

"हिरा दिसतोस!" हा सांगायचा.

आणि मग बी सिकुधानी परतली. तळलेल्या माशाची थाळी हातात घेऊन दारात उभी.

"जावईबापू, माझं कपाट कुठाय?"

"आई, त्यात सध्या वकील राहतात."

"असतील मोठे वकील! मी बोलते त्यांच्याशी." ती आत आली, आणि असं किंचाळली की खुर्चीवरच्या माणसाची एक भुवई गेली. "हा मेला? देवानं ह्याच्याकडं अमरपणाचा निरोप दिला आणि हा रमतगमत चालला, निरोप वेळेत पोचलाच नाही! माणसं मरतात ती ह्याच्यापायी!"

"आई, तो हा नव्हे. ह्याचा पणजोबा असेल."

"खानदानच आळशी! कपाट माझं, मासा माझा!" म्हणत तिनं हट्टानं दार उघडून थाळी आत सरकवली. माशावर माशी बसली. वकिलाचा एक डोळा वळला, मग दुसरा. जीभ सुटली ती दिसलीसुद्धा नाही. माशी गायब!

बी सिकुधानीनं वाकून थाळीत बघितलं.

"माझ्या ताटावरची माशी मारली ह्यानं?" बी सिकुधानी हळूच म्हणाली.

"मारली, आई."

"जावयानं एवढ्या वर्षांत एकदा तरी माशी हाकलली का?"

कपाट मात्र तिनं परत नेलं. झुबेरीला तसंच नवं बांधावं लागलं, आणि ती स्टुलावर बसून देखरेख करत होती. दार वाकडंय, जाळी ढिली आहे, जास्वंदीला खत घाल. आताशा ती रोज टोळ घेऊन येते. घोयऱ्याचं तोंड बघितलं तर अपशकुन, म्हणून कपाटाकडं पाठ करून उभी राहते आणि दार किलकिलं करून टोळ खांद्यावरून मागं फेकते. निम्मे वकिलाला मिळतात, निम्मे साबण लावून डोळे मिटलेल्या गिऱ्हाइकांच्या अंगावर पडतात.