दगडूभाई खलिफांची अट

दगडूभाई खलिफांना जाऊन आता तीन वर्षं झाली. दौंडला कोर्टाच्या कुंपणाला लागून त्यांची न्हाव्याची टपरी होती. खुर्ची एक, आरसा एक, आणि आरशाला असा तडा की एका गिऱ्हाइकाची दोन दिसायची. सकाळी वकिलांच्या दाढ्या, दुपारी तारखेला आलेल्यांच्या. टपरीत कटिंग आणि मुसलमान वस्तीत कुणाच्या पोराची सुंता असली की तीही तेच करायचे. बापापासून चालत आलेलं काम. पोराच्या लघवीच्या जागेची पुढची कातडी काढायची, ती सुंता. आम्ही बौद्ध, आमच्यात ती रीत नाही. आमचा त्यांचा संबंध एवढाच की आमचे मालक हयात होते तोवर त्यांच्याकडं केस कापायचे आणि दर खेपेला एका बाजूनं जास्त उडवून यायचे.

त्यांची एक अट होती, तिची सगळं दौंड चेष्टा करायचं. आई आणि बाप दोघं समोर येऊन हो म्हणाल्याशिवाय ते वस्तऱ्याला हात लावत नसत. रीत अशी की बाप नाहीतर आजा पोराला पुढं घालतो आणि आई आत जेवणावळीचं बघते. हे म्हणायचे, "आईला बोलवा." लोक म्हणायचे, खलिफाकडं जायचं म्हणजे सुंता करायची का घरजागेचं खरेदीखत?

आणखी एक खूळ. बाकीचे लोक पोराला "ती बघ सोन्याची चिमणी" म्हणून वर बघायला लावतात आणि तेवढ्यात खाली काम उरकतात. दगडूभाईंनी चिमणी बंद केली. पोराला मांडीवर घेऊन आधी सगळं खरं सांगायचे. पोरं जास्त रडायची, पण पुढं रस्त्यात भेटली तर तोंड चुकवायची नाहीत.

माझी त्यांची गाठ खरी पडली ती १९९९ साली.

माझी सून करुणा बाळंतपणाला माहेरी गेली होती, इनामगावला. मुलगा विनोद ठेकेदाराकडं रूळ टाकायच्या कामावर पार बिहारात. आणि सहा वर्षांचा नातू माझ्या हवाली. नाव सम्राट, आणि लघवीला उभा राहिला की बोंब. कातडी पुढनं आवळून गेलेली. लघवी आत साठून फुगा व्हायचा आणि मग थेंब थेंब. आठ दिवस मी धने भिजवले, सब्जा पाजला. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, कातडी काढावी लागेल. फार दिवस लावू नका, ताप यायला लागेल. आई-वडिलांना घेऊन या."

आता सुंता म्हणजे भावकीत काय काय बोलतील, ते माझ्या कानात आधीच वाजायला लागलं. आणि करुणाला नववा महिना, तिच्या जिवाला घोर कशाला, असं मी मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर तिनं पोरगं माझ्या भरवशावर ठेवलं होतं आणि ते आजारी पडलं हे तिला सांगायची मला लाज वाटत होती. मी काढली शक्कल. दगडूभाई दोन मिनिटांत उरकतील, कुणाला कळायचंही नाही.

गेले टपरीवर.

"जयभीम, ताईबाई. पोराचं केस?"

"केस न्हाई. तुमचं दुसरं काम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोराकडं. पडदा ओढून त्याला तपासलं आणि हात धुतले.

"हे माझ्या हातातलं न्हाई. सुजलंय, आतनं चिकटलंय. डॉक्टर म्हणतो तेच खरं."

"तुम्ही शंभर पोरांचं केलंय."

"ती निरोगी व्हती. आन् समजा मला जमलं असतं, तरी ह्याचे आई-बाप कुठंयत?"

"मी हाय की आजी. सही येती मला, दुसरी पास हाय."

"तुमची सही सोन्याची. पर आई-बाप जितं असताना कायद्यात आजीला जागा न्हाई."

मला राग आला. "कायदा येतो व्हय पोराला आंघोळ घालायला?"

"न्हाई येत. पोराच्या अंगावर पातं चालवायचं म्हणलं की मग येतो."

मग त्यांनी स्टुलावर बसवून त्यांची गोष्ट सांगितली. तरुणपणी एका आज्यानं नातू आणला. यांनी कुणाला काही विचारलं नाही, करून टाकलं. पोरगं आईच्या ताब्यात होतं, नवराबायकोचं पटत नव्हतं आणि आजा त्याला परस्पर उचलून घेऊन आला होता. जखम चिघळली. आईनं फिर्याद केली. पोरगं बरं झालं म्हणून प्रकरण मिटलं, पण कोर्टात साहेबांनी एकच विचारलं होतं, "कुणाला विचारून केलंत?" त्या दिवसापासून ही अट.

"सुंता करू नका, असं कायदा म्हणत न्हाई, ताईबाई. धर्माची असू द्या, दवाखान्याची असू द्या. पर पोरगं बारकं, त्याला हो का न्हाई म्हणता येत न्हाई. मग त्याच्या वतीनं कोण बोलणार, हे आधी ठरलं पायजे. तुम्ही इनामगावला जा."

मी पोराची चड्डी सारखी करत बसले.

"भ्या कशाचं वाटतंय? पोराच्या दुखण्याचं का सुनंचं?"

"सुनंचं."

"मग मी येतो संगं. वकिलांच्या दाढ्या वाढू द्यात एक दिस."

पोराला शेजारच्या रंगुबाईकडं सोडलं. एस.टी.नं न्हावरा, तिथनं वडापच्या जीपमधनं इनामगाव. करुणा ओट्यावर शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "आत्या, आठ दिस?"

"व्हय."

ती उठली आणि चपला शोधायला लागली. तिची आई म्हणाली, अगं दिवस भरत आलेत. करुणा म्हणाली, "पोटातलं थांबंल. भायरच्याला थांबता येईना."

दौंडला परतून पोराला घेतलं. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं कागद पुढं केला. "वडिलांची सही."

"ते बिहारात हायत. मी आई हाय."

"आई चालत नाही. कागदावर वडील छापलंय. ते आले की या."

करुणाचा चेहरा उतरला. सम्राट माझ्या मांडीवर पाय आखडून पडला होता, अंग कोमट लागायला लागलं होतं. दगडूभाई हळूच पुढं झाले. "साहेब, ह्याच साली दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल झालाय. बाप पोराचं बघायला जवळ नसंल तर आई बी पालक. आमच्या वकीलसाहेबांनी वाचून दाखवलाय, तोंडाला साबण असताना."

"तू खलिफा का वकील?"

"कापायचं काम दोघांचं, साहेब. मी आधी विचारतो."

आत डॉक्टर हसले. बाहेर आले, कागद घेतला, 'वडील' खोडून वर 'आई' लिहिलं. "घ्या ताई, करा सही."

करुणानं लगेच केली नाही. सगळा कागद वाचला, भुलीचं विचारलं, टाके किती ते विचारलं. खिडकीवाला पेन आपटत राहिला. मग तिनं पूर्ण नाव लिहिलं.

तोवर दगडूभाई सम्राटजवळ बसले होते. "झोपवतील तुला. उठल्यावर दुखंल. लघवीला आग हुईल तीन-चार दिस."

"तीन का चार?"

"चार धर."

"मग करू द्या," असं म्हणून पोरगं आत गेलं.

मला वाटायचं, कायदा म्हणजे बांधावरून भांडणाऱ्यांची वस्तू. माझ्या नातवासाठी बोलायचा मान त्याच्या आईला आहे, मला नाही, हे त्या न्हाव्यानं मला टपरीतल्या स्टुलावर समजावलं. तेव्हा झोंबलं, खोटं कशाला बोलू. पण दुसरा कुणी वस्तरेवाला भेटला असता आणि त्यानं माझं ऐकलं असतं, तर पोराचं काय झालं असतं, हा विचार आला की आजही हात जोडले जातात. पुढं नात रश्मी सुखरूप झाली. विनोदनं पत्रात विचारलं, सही कुणी केली? करुणानं उत्तरात एकच अक्षर लिहिलं, "मी".

चौथ्या दिवशी सकाळी सम्राट वॉर्डामागच्या गटारीपाशी उभा राहिला. मी आणि करुणा दोन बाजूंनी, दुष्काळात नळाला पाणी यायची वाट बघावी तशा. आधी तोंड वाकडं केलं, मग सरळ धार, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. नर्सबाई ओरडल्या. करुणा भिंतीला टेकून हसत रडायला लागली. बघायला आलेले दगडूभाई मागं उभे होते. मी वाकले तर ते दोन पावलं सरकले.

"ताईबाई, पाया पडायचं मी. तुम्ही थोरल्या."

"गप उभं ऱ्हावा," मी म्हणाले आणि पडले पाया.